शुक्रवारच्या सूर्यास्तापासून: खानदेशातल्या एका छोट्या अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीची पाळकसेवा

पास्टरचं परीक्षण करायचं म्हटलं की लोक प्रवचनापासून सुरुवात करतात. आवाज कसा आहे, वचनं तोंडपाठ आहेत का, किती वेळ बोलतात. भुसावळपासून नवापूरपर्यंत विखुरलेल्या, घराघरांतून भरणाऱ्या छोट्या मंडळीला हे माप पुरत नाही. इथे पास्टर महिन्यातून एखाद्या शनिवारी येतात, बाकीचे शनिवार मंडळी आपली आपण चालवते. म्हणून पाहायचं ते हे, की पास्टर नसताना काय नीट चालतं आणि काय अडतं. या लेखातले पास्टर, ज्यांना सगळे ‘पास्टर आप्पा’ म्हणतात, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट सुधारणा चळवळ या एकाच चळवळीला दिली. त्यांची सेवा बहुतेक बाबतींत उत्तम आहे. एका बाबतीत ती धोकादायकरीत्या अपुरी आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

ज्यांना ही चळवळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याची वाट पाहिली आणि त्यांची निराशा झाली. त्यातल्या काहींनी पुढे शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, स्वीकारला आणि १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा जर्मनीतल्या पुढाऱ्यांनी सरकारला कळवलं की आमचे सभासद शस्त्र हाती घेतील, शब्बाथ दिवशीही. ज्यांनी याला नकार दिला त्यांना मंडळीतून काढण्यात आलं. १९२० मध्ये फ्रीडेन्साउ इथे समेटाचा प्रयत्न झाला, तो फसला, आणि जुलै १९२५ मध्ये गोथा इथे सुधारणा चळवळ स्वतंत्रपणे उभी राहिली. १९५१ मध्ये तिचेही दोन भाग झाले. इतकी छोटी चळवळ, त्यातही दोन शाखा, म्हणजे खानदेशासारख्या भागात तिची मंडळी बोटांवर मोजण्याइतक्या घरांची असणार हे उघड आहे. शेजारच्या मोठ्या मिशनच्या मंडळ्यांना शाळा आहेत, दवाखाने आहेत, दफनभूमी आहे. या मंडळीला यातलं काही नाही, तिच्याकडे पास्टर आहेत.

आता कामाचं. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला संपतो. त्यामुळे पहिला प्रश्न घड्याळाचा. भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली वेळ बहुधा मुंबईची असते. जळगावचा सूर्य मुंबईपेक्षा हिवाळ्यात बारा ते पंधरा मिनिटं आणि ऐन उन्हाळ्यात सात-आठ मिनिटं आधी मावळतो. नोव्हेंबरच्या शेवटी तो पावणेसहालाच बुडालेला असतो. मुंबईच्या वेळेवर विसंबून चूल चालू ठेवली तर शब्बाथ सुरू झाला तरी भाकरी तव्यावरच. खानदेशातल्या खानदेशातही फरक आहे: नंदुरबारला भुसावळपेक्षा सूर्यास्त सहाएक मिनिटं उशिरा. आप्पा दर तिमाहीला गाववार वेळांचा एक हाती लिहिलेला तक्ता काढतात, झेरॉक्स करतात आणि तिमाही पाठाच्या पुस्तिकेत घालून देतात. पाठासोबत दिल्यामुळे तो हरवत नाही. बारीक गोष्ट आहे, पण मंडळीचा सगळा शुक्रवार या कागदावर बेतलेला असतो.

शनिवारची उपासना नेहमीच्याच क्रमाने चालते. सकाळी शब्बाथ शाळा, म्हणजे बायबलचा एकत्र अभ्यास, मग प्रवचन, मग एकत्र जेवण, दुपारी तरुणांची सभा, सूर्यास्ताला गीत आणि प्रार्थना. आप्पांचं प्रवचन लांबतं, हे मान्य करायला हवं. बायबलातल्या दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या २३०० दिवसांचं गणित (एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून) फळ्याशिवाय तोंडी समजावलं तर मागच्या रांगेतल्या बाया झोपतात. फळ्यावर इ.स.पू. ४५७ ते इ.स. १८४४ अशी रेघ ओढली की तेच गणित शाळकरी मुलांनाही कळतं, आणि फळा असला की आप्पा ते अप्रतिम शिकवतात. बोलावणाऱ्या घराने फळा आणि खडू तयार ठेवावा. भाषेचंही पाहावं. जळगाव-धुळ्याकडे आप्पा मध्येच अहिराणीत शिरतात आणि सभा जागी होते. नवापूरकडे मावची बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि धडगावकडे पावरी बोलणाऱ्यांना पुस्तकी मराठी जड जाते. तिथे दुभाषा लागतो, आणि दुभाषा असेल तर प्रवचनाची वेळ दुप्पट धरावी किंवा मजकूर निम्मा करावा. आप्पा यातलं दुसरं क्वचितच करतात.

जेवण शाकाहारी असतं, कारण सुधारणा चळवळीत मांसाहार सोडणं ही सभासदत्वाची अट आहे. चहा-कॉफीही नाही. स्वयंपाक शुक्रवारीच उरकायचा असल्याने मे महिन्यात काय टिकेल हे ठरवावं लागतं. कच्चा कांदा आणि कोथिंबीर घातलेलं भरीत शनिवारी दुपारपर्यंत आंबतं, म्हणून वांगी शुक्रवारी भाजून, सोलून, नुसती फोडणी देऊन झाकून ठेवावीत आणि कांदा पानात वाढताना घालावा. दुधात भिजवलेल्या दशम्या, कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बिनघोर टिकतात. वरण मात्र रात्रभर बाहेर ठेवू नये. शनिवारी गरम करायला मनाई नाही, नव्याने रांधायला आहे.

या सेवेचा खरा कस शेतीच्या प्रश्नांवर लागतो. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि पाळी शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी आली की शब्बाथ पाळणारा शेतकरी अडतो. कापूस किंवा केळीला पाणी चुकलं तर नुकसान त्याचं, पास्टरचं नाही, हे आप्पा विसरत नाहीत. गुरांचा चारा-पाणी आणि दूध काढणं यावर वाद नाही, ते जिवाचं काम आहे. लूक १४:५ मधला विहिरीत पडलेला बैल त्यासाठीच आहे. पण पंपाच्या स्टार्टरवर ऑटो स्विच बसवला आणि वीज आल्यावर मोटर आपोआप सुरू झाली, तर ते काम कोणाचं? आप्पांचा सल्ला असा: केळीला ठिबक असेल तर शुक्रवारी सूर्यास्ताआधी व्हॉल्व्ह लावा, फिल्टर धुवा, ऑटोवर टाका आणि मग वावरात जाऊ नका. पाटाने पाणी देणार असाल तर ऑटो लावू नका, कारण बारे मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, माणूस लागतोच, आणि तुम्ही नाही गेलात तर सालदाराला जावं लागेल. चौथ्या आज्ञेत तुमचा चाकरही आला आहे. हा भेद त्यांनी नीट विचार करून केला आहे. अशा बाबतीत नुसतं ‘देव पाहून घेईल’ म्हणून निघून जाणारे पाळक पुष्कळ असतात.

शनिवारी परीक्षा आली तर पास्टरचं पत्र लागतं. त्यात विद्यार्थ्याचं नाव, बैठक क्रमांक, परीक्षेची तारीख, मंडळीचं सभासदत्व कधीपासून, आणि नेमकी मागणी असावी: पेपर दुसऱ्या दिवशी, किंवा सूर्यास्तानंतर. पत्र वेळापत्रक लागताच द्यावं. आदल्या आठवड्यात दिलेल्या पत्राला कोणी हात लावत नाही. आप्पा पत्र लगेच देतात आणि मंजुरीची खात्री कधीच देत नाहीत. दोन्ही बरोबर आहे.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणारा भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, वर्षातून चारदा, दर तिमाहीला. यात आप्पांची शिकवण सगळ्यात पक्की आहे, आणि त्यांनी ती घराघरातल्या बायांच्या हाती दिली आहे, म्हणून ती टिकेल. भाकर बेखमीर हवी: खमीर नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. बाजारातलं बिस्कीट चालत नाही, कारण ते फुगवलेलंच असतं. प्रमाण साधारण पन्नास तुकड्यांसाठी असं: १ कप बारीक दळलेलं गव्हाचं पीठ, पाव चहाचा चमचा मीठ, पाव कप तेल, २ मोठे चमचे गार पाणी. तेल आणि पाणी आधी एकत्र फेटायचं, मग मीठ मिसळलेल्या पिठात घालायचं. उलट केलं तर पीठ पाणी आधी पितं आणि भाकर चिवट होते. फार मळायचं नाही, गोळा जमला की थांबायचं. जाडसर लाटायचं, सुरीने छोट्या चौकोनांच्या रेषा पाडायच्या आणि प्रत्येक चौकोनाला काट्याने टोचायचं. टोचायचं राहिलं तर पुरीसारखे फुगे येतात आणि रेषेवर न तुटता भुगा होतो. ओव्हन असेल तर २३० अंशांवर १० ते १५ मिनिटं, शेवटची तीन-चार मिनिटं समोरून हलायचं नाही, कारण तेलामुळे कडा झपाट्याने जळतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून, एकदा उलटून. झाकणाची वाफ पडून भाकर मऊ पडते, म्हणून शेवटी झाकण काढावं. पीठ गिरणीतून भरडसर आलं असेल तर चाळून घ्यावं, कोंडा राहिला की तुकडे रेषेबाहेर फुटतात.

द्राक्षारस आंबलेला चालत नाही. इथेच उन्हाळा घात करतो. द्राक्षं नाशिककडून जानेवारी ते एप्रिलमध्ये स्वस्त येतात, पण जुलै आणि ऑक्टोबरच्या भोजनासाठी रस तेव्हाच करून ठेवावा लागतो. काळी द्राक्षं घ्यावीत, देठ काढून धुवावीत, स्टीलच्या पातेल्यात चेंगरून मंद गरम करावीत. पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम नको, आंबट रस धातू ओढतो. फडक्यातून गाळून रस पुन्हा ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवावा, उकळी फुटू देऊ नये, चव मरते. बाटल्या आणि झाकणं आधी उकळत्या पाण्यातून काढलेली असावीत आणि रस गरम असतानाच काठाशी बोटभर जागा ठेवून भरावा. एक किलो द्राक्षांचा साधारण ६०० ते ७०० मिली रस निघतो, आणि छोट्या पेल्यात १५-२० मिली धरलं तर लिटरभरात पन्नास माणसं होतात. उघडताना झाकण फसकन उडालं, कडेला बुडबुडे दिसले किंवा वास वर आला तर ती बाटली ओतून द्यायची, पाणी घालून वाचवायची नाही. म्हणून एक बाटली नेहमी जास्त ठेवावी. तीही गेली तर धुतलेल्या काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेला रस चालतो. मनुका रात्रभर बाहेर भिजत ठेवू नयेत, सकाळी तोच प्रश्न उभा राहतो.

भोजनाआधी पाय धुण्याचा विधी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या योहान १३ प्रमाणे. पुरुष पुरुषांचे, बाया बायांचे, वेगळ्या खोल्यांत. दर दोन माणसांमागे एक घमेलं आणि प्रत्येकाला वेगळा पंचा लागतो. पंचे कमी पडले की विधी रखडतो आणि लोक संकोचतात. पाणी हिवाळ्यात कोमट हवं. घरच्या फरशीवर पाणी सांडून म्हातारी माणसं घसरतात, म्हणून खाली गोणपाट अंथरावं. जमीनदार आणि त्याच्याकडे मजुरी करणारा समोरासमोर येतील अशी जोडी आप्पा मुद्दाम लावतात, पण कधीच घोषणा करून नाही, नुसतं घमेलं त्या जागी ठेवून. त्यांच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा हे मोठं काम आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. नव्याने येणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी: सुधारणा चळवळीत प्रभुभोजन फक्त सभासदांसाठी असतं. मोठ्या अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीत ते सगळ्या विश्वासणाऱ्यांना खुलं आहे, त्यामुळे तिकडून आलेले पाहुणे दुखावतात. आप्पा हे पाहुण्याला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगतात. ताट समोर आल्यावर सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बाप्तिस्मा पूर्ण बुडवून, म्हणजे कमरेच्या वर पाणी हवं. तापी-गिरणेच्या पात्रात पूर्वीसारखा सपाट वाळूचा तळ आता सगळीकडे मिळत नाही. वाळूउपशाने पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. आदल्या दिवशी काठी घेऊन पंधरा पावलांचा चौक चाचपून घ्यावा आणि कोपऱ्यांवर बांबू रोवावेत. पावसाळ्यात धरणाचं पाणी कधी सोडणार ते तलाठ्याकडे किंवा पाटबंधारे कार्यालयात विचारल्याशिवाय पात्रात उतरू नये, हतनूरच्या खाली तर नाहीच. वाहत्या पाण्यात उमेदवाराचं डोकं प्रवाहाच्या वरच्या बाजूला जाईल असं उभं करावं, म्हणजे पाणी पाठीला रेटा देऊन उठायला मदत करतं. उमेदवाराने रुमाल नाकावर धरावा, पास्टरचा एक हात त्या मनगटावर, दुसरा मानेच्या खाली, आणि उमेदवाराने गुडघे वाकवावेत. गुडघे ताठ ठेवले की पाय वर येतात आणि दोघंही तोल सोडतात. पांढरं पातळ कापड भिजलं की अंगाला चिकटतं, म्हणून जाड गडद झगा, आणि त्याच्या घेरात शिवलेली छोटी शिशाची वजनं, नाहीतर झगा पाण्यावर तरंगतो. हे सगळं आप्पा चोख करतात. अलीकडे मात्र त्यांच्या गुडघ्यांना पात्र झेपत नाही, आणि एकट्याने जड माणसाला पेलणं सुरक्षित राहिलेलं नाही. दुसरा माणूस पाण्यात असलाच पाहिजे, आणि सिमेंटच्या हौदात करायला कमीपणा मानू नये.

लग्नाचा भाग कायद्याचा आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावणाऱ्या पाळकाकडे सरकारी परवाना लागतो, आणि तो व्यक्तीच्या नावावर असतो, मंडळीच्या नावावर नाही. आधी लेखी नोटीस, मग सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेटपासून दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर सगळं पुन्हा. पाळकाखेरीज निदान दोन साक्षीदार. आणि लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच. इथे खानदेशात एक मजेशीर नसलेली अडचण येते: मेच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य सातनंतर मावळतो. म्हणजे शब्बाथ संपल्यावर शनिवारी संध्याकाळी लग्न लावायचं तर कायद्याची वेळ टळलेली असते. ऐन लग्नसराईत हा घोळ होतो, पत्रिका छापून झालेल्या असतात. मुहूर्त मंडळी मानत नाही, पण हॉल मिळायचा दिवस मानावाच लागतो. आप्पांचा नियम: उन्हाळ्यात रविवारच, आणि पत्रिका छापण्याआधी पास्टरला दाखवा. ज्यांनी पाळला त्यांना त्रास झाला नाही.

अंत्यविधीत चळवळीची शिकवण साधी आहे. मेलेला माणूस झोपलेला आहे, त्याला काही कळत नाही, उठवणारा ख्रिस्त येईल. त्यामुळे मृतासाठी प्रार्थना नाहीत, जिवंतांसाठी आहेत. गावातल्या नातेवाइकांना दहावा-तेरावा नाही हे पटत नाही, आणि आप्पा तिथे वाद न घालता १ थेस्सलनीकाकरांस ४ वाचतात. अडचण जागेची. स्वतःची दफनभूमी नसल्याने दुसऱ्या मंडळीची परवानगी लागते, आणि ती माणूस गेल्यावर मागायला जाणं वाईट. पत्र आधीच घेऊन फाइलला लावलेलं असावं. पावसाळ्यात काळ्या कापसाच्या जमिनीत खड्ड्याच्या बाजू ढासळतात, म्हणून खणतानाच दोन्ही बाजूंना फळ्या आणि खाली उतरायला शिडी हवी. उन्हाळ्यात तीच जमीन इतकी घट्ट होते की मजूर दुप्पट लागतात. मृत्यू शुक्रवारी झाला तर खड्डा सूर्यास्ताआधी खणून घ्यावा. शनिवारचं दफन टाळावं, पण उन्हाळ्यात बर्फपेटी मिळत नसेल तर टाळण्याचा हट्ट धरू नये. आप्पाही धरत नाहीत.

पैशाबाबत दोन ओळी पुरेत. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, बंद पाकिटात येतो, दोन माणसं मोजतात, खजिनदार क्रमांकाची पावती देतो, आप्पा रोकड हातात घेत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांच्यावर बोट उठलं नाही ते यामुळे.

आता उणीव. ही सगळी सेवा एकखांबी तंबू झाली आहे. रस आणि भाकर बायांना येते, पावत्या खजिनदाराला येतात, शब्बाथ शाळा तरुण चालवतात. पण गावोगावच्या सूर्यास्ताचा तक्ता आप्पांच्या वहीत आहे आणि तो कसा काढायचा हे कोणाला माहीत नाही. सभासदांची नोंदवही एकच, तिची दुसरी प्रत नाही. दफनभूमीची पत्रं त्यांच्या घरच्या पेटीत आहेत. लग्नाचा परवाना त्यांच्या नावावर. उद्या ते अंथरुणाला खिळले तर ज्या घरात मुलगी लग्नाची आहे त्या घराला दुसऱ्या जिल्ह्यातला परवानाधारक शोधावा लागेल, आणि चळवळ इतकी छोटी की तो जवळपास मिळेलच असं नाही. दोष एकट्या आप्पांचा नाही, मंडळीने त्यांच्यावर सगळं सोडलं. पण मंडळीचा वडील, म्हणजे पास्टर नसताना मंडळी सांभाळणारा पुढारी, नेमण्याचा विषय निघाला की ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ हे उत्तर त्यांनी फार वेळा दिलं आहे, आणि ते आता ऐकून घेऊ नये.

त्यांच्यासोबत अमळनेर-दोंडाईचा-नंदुरबार अशी रेल्वेफेरी करणारे दोन तरुण आहेत. एकाला प्रवचन जमतं, दुसऱ्याला माणसं जमतात. पहिल्याचा परवान्यासाठीचा अर्ज याच वर्षी करावा, सरकारी कामाला लागणारे महिने धरून. दुसऱ्याला नोंदवही आणि पेटीतली पत्रं द्यावीत, दोन प्रती काढून, एक जळगावला आणि एक नंदुरबारला. सूर्यास्ताचा तक्ता दोघांनी मिळून एकदा आप्पांसमोर बसून काढावा, गाववार, जानेवारी ते डिसेंबर.